आई आणि दोन लहान पोरं, एकच दिवस: ठोसेघर, भांबवली की ओझर्डे?

तासगावचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तासगावहून एका दिवसाची सहल करायची आहे. मोठी चार माणसं, पोरगी अकरा वर्षांची, पोरगा सात वर्षांचा. आईला गुडघ्याचा त्रास आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, पण पायऱ्या उतरताना थांबत थांबत उतरावं लागतं. गाडी घरची आहे. पहाटे निघून रात्री परत यायचं, मुक्काम नाही.

दाट झाडीतला मोठा धबधबा बघायचा आहे. ठोसेघर, भांबवलीचा वजराई आणि नवजाचा ओझर्डे ही तीन नावं समोर आहेत. यातला आईला कुठला झेपेल? पोरांना पाण्यात खेळायला कुठं मिळेल? आणि आमच्याकडं ऊन पडलेलं असताना तिकडं पाऊस किती आहे, हे घरातून निघण्याआधी कसं ओळखायचं?

---

बोगद्यापलीकडं

दादा, आई बरोबर आहेत म्हटल्यावर ठोसेघरच करा. तिथं धबधबा दरीच्या अलीकडच्या काठावरून, समोरून बघायचा असतो. वन विभागानं बांधलेली वाट आहे, पायऱ्या आहेत, कठडे आहेत, उभं राहून बघायला गॅलऱ्या आहेत. पाण्याजवळ जायचंच नसल्यामुळं आईंना जेवढं झेपेल तेवढं उतरून एखाद्या ठिकाणी निवांत बसता येतं. उतरलेलं सगळं परत चढायचं आहे, एवढं मात्र आधीच धरून चाला.

रस्ता सोपा आहे. कराडला हायवे धरून सातारा, शहरातून समर्थ मंदिराकडं, बोगद्यातून बाहेर पडलं की सज्जनगडाचा रस्ता. साताऱ्यापासून ठोसेघर वीस-पंचवीस किलोमीटर. वाटेत बोरणे घाट लागतो. तिथं ढग अंगाशी येतात म्हणून माणसं वळणावर गाड्या लावून कडेला उतरतात. कृपा करून तुम्ही ते करू नका. कडेचं गवत दगडाच्या बाहेर वाढलेलं असतं, खाली जमीन आहे असं वाटतं आणि ती नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये याच घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत पडली, दोर टाकून तिला वर काढावं लागलं.

आता जो मुद्दा बहुतेक जण सांगत नाहीत तो. ऑगस्टमध्ये ठोसेघरला हमखास घोटाळा होतो तो धुक्याचा. माणूस एवढा प्रवास करून पोचतो आणि समोर पांढराशुभ्र पडदा. नुसता आवाज येतो, धबधबा दिसत नाही. दहा मिनिटं थांबून माणसं परत फिरतात आणि "काही दिसलं नाही" म्हणतात. दरीतला ढग एका जागी बसून राहत नाही, वाऱ्याबरोबर सरकत असतो. आधी कड्याची एक काळी रेघ दिसते, मग मधली झाडं, मग एकदम वरपासून खालपर्यंत पाण्याची अख्खी धार उघडी पडते. मिनिट-दोन मिनिटं राहते आणि परत झाकते. म्हणून तिथं किमान एक तास हातात ठेवा. आईंना बसायला घडीची खुर्ची किंवा पाट न्या, कारण ओल्या दगडावर तासभर बसणं गुडघ्याला आणि कमरेला दोन्हींना वाईट. कॅमेरा आधीच काढून तयार ठेवा, लेन्स पुसायला कोरडा सुती रुमाल खिशात असू द्या.

१५ ऑगस्ट आणि त्याला लागून येणारे सुट्टीचे दिवस टाळा. मंगळवार-बुधवार गाठलात तर रस्ता मोकळा मिळेल. सकाळी नऊच्या आत पोचा.

---

कोयनाकाठ

पावसाचं मी सांगतो, कारण सगळी सहल त्यावर अवलंबून आहे.

तासगावचं आभाळ बघून काहीही ठरवू नका. तासगाव पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्यावर नवजाला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडलेली वर्षं आहेत. तुमच्याकडं द्राक्षबागेत धूळ उडत असते त्याच दिवशी नवजाला दिवसात दोनशे मिलिमीटर झालेला असू शकतो.

दोन गोष्टी बघायच्या. पहिली, हवामान खात्याचा इशारा. त्यात नुसतं "सातारा" वाचू नका, "सातारा घाटमाथा" असं वेगळं दिलेलं असतं, ते वाचा. पिवळा म्हणजे ढोबळमानानं चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटरचा अंदाज, नारिंगी म्हणजे ११५.६ ते २०४.४, लाल म्हणजे त्याच्याही वर. दुसरी, कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचे सकाळपर्यंतच्या चोवीस तासांचे आकडे. कोयना धरणाच्या बातमीत ते पावसाळाभर रोज येतात.

नारिंगी किंवा लाल असेल तर सहल पुढं ढकला, चर्चा नको. अशा वेळी प्रशासन धबधबे आणि पर्यटनस्थळं बंदही करतं, मग दारातून परत यावं लागतं. पिवळा असेल तर ठोसेघर करा, पण कठड्याच्या आतूनच. नवजाचा आकडा दोन-तीन दिवस उतरत येऊन पन्नासच्या आत आला असेल तर त्याच्यासारखा दिवस नाही. उघडीप मिळते, ढग वर उचललेला असतो आणि धबधबाही भरलेला असतो.

ओझर्डेबद्दल. कराडहून पाटणमार्गे कोयनानगर साठेक किलोमीटर, तिथून पुढं नवजा. एसटीनं यायचं तर कराड-चिपळूण गाड्या कोयनानगरवरून जातात, पुढचं अंतर मात्र स्वतःच्या सोयीनं. तुम्ही "दाट झाडीतला" म्हणता तसा खरा धबधबा हाच. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचाच हा भाग. जंगलातून पायऱ्यांची वाट आहे. पावसाळ्यात त्या पायऱ्या कधी वाळतच नाहीत, दगडावर हिरवट-काळा थर धरलेला असतो. तुमच्या आईंना तिथं नेऊ नका. आणि जोराच्या पावसात पाटण खोऱ्याकडं कुणीच येऊ नये. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या त्या याच तालुक्यात. डोंगर भिजून फुगलेला असतो तेव्हा रस्ता उघडा दिसतो, याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा नाही.

आता पोरांचं पाण्यात खेळणं. धबधब्याखाली आणि धबधब्याच्या ओढ्यात नको. का नको ते नीट सांगतो, कारण नुसतं "नको" म्हटलेलं कुणी ऐकत नाही.

आपल्या धबधब्यांचं पाणी वरच्या सड्यावरून येतं. सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, वर वीतभरसुद्धा माती नाही. शेतात पाऊस पडला की आधी जमीन पिते, मग पाणी वाहतं. कातळ पीत नाही. वर पडलेली सर थेट ओढ्याला लागते. तुम्ही खाली उभे आहात, डोक्यावर ऊन आहे, आणि तीन-चार किलोमीटर मागं सड्यावर ढग फुटला, तर ते पाणी तुमच्यापर्यंत पोचायला फार वेळ घेत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पोहत नव्हते. प्रवाहाच्या मधोमध कातळावर उभे होते आणि दोन्ही बाजूंनी पाणी वाढलं.

पाणी वाढायच्या आधी खुणा मिळतात. स्वच्छ पाणी तांबूस-गढूळ व्हायला लागतं. वाळकी पानं, काटक्या, फेस एकदम जास्त यायला लागतो. मघाशी ज्या दगडावर पाय ठेवून आलात तो बुडालेला दिसतो. आवाज बदलतो, खळखळ जाऊन घुमल्यासारखा येतो. यातली एक जरी खूण दिसली तरी सामान सोडा, चपला सोडा, आणि ज्या काठाला आहात त्याच काठानं वर चढा. गाडी पलीकडं आहे म्हणून ओढा ओलांडायला जाऊ नका. माणसं तिथंच वाहून जातात. आहात त्याच काठाला अडकलात तर दोन-चार तास थांबावं लागेल. पाऊस थांबला की कातळावरचं पाणी जसं झटकन येतं तसं झटकन उतरतंही.

शिवाय पाण्याबरोबर वरून दगड येतात, तेही पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाहीत. आणि डोहाचा तळ कुठंच सारखा नसतो. कातळात रांजणखळगे असतात, कमरेइतक्या पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की तळच लागत नाही. पडणाऱ्या धारेजवळ पाणी वरून खाली आणि खालून परत धारेकडं ओढतं. चांगला पोहणारासुद्धा त्यातून बाहेर येत नाही.

---

चाफळ_खोरं

आईंसाठी आणखी एक जागा सुचवतो. सडावाघापूर, पाटण तालुक्यात. उंब्रजवरून चाफळच्या बाजूनं किंवा पाटणवरून घाट चढून जाता येतं. गाडी सड्यावर जाते, चालायला फार नाही, पायऱ्या नाहीत. तिथं पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. खोऱ्यातून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळतो, त्याला वर जाण्याशिवाय वाट नसते, आणि कड्यावरून पडणारी बारीक धार तो उचलून परत सड्यावर फेकतो. त्यासाठी वारा जोराचा हवा आणि धार पातळ हवी. वारा पडला असेल तर साधी धार दिसते. पाऊस फारच झाला असेल तर पाणी जड होतं, वाऱ्याला उचलत नाही.

तिथं छत्री नेऊ नका, पहिल्याच झोताला उलटी होते. आणि ठोसेघरसारखे कठडे नाहीत. पोरांचा हात धरूनच उभं राहायचं, कड्याच्या धारेपासून दहा-पंधरा पावलं आत. वारा मागून नाही, समोरून येतो, म्हणून माणूस त्याला रेलून उभा राहतो. तो एकदम पडला की तोल पुढं जातो.

---

तासगावचा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठोसेघर नक्की केलं. कोयनाकाठ, तुम्ही सांगितलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवलं, डोहात उतरायचा विषय संपला. पण पोरं वर्षभर टँकरचं पाणी बघतात हो, त्यांना पाण्यात पाय तरी बुडवता येतील अशी काही जागा? आणि जळवांबद्दल सांगा, बायको तेवढ्यासाठीच नाही म्हणते आहे. भांबवलीचंही कुणी लिहिलं नाही.

---

जावळीची_वाट

पोरांना सड्यावर खेळवा. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं पठार लागतं, तिथं कातळाच्या खोलगटांत पावसाचं पाणी साठलेलं असतं. घोट्याएवढं, स्वच्छ, आणि वाहतं नाही. अशी जागा कड्यापासून लांब, सपाटीवर निवडा. मोठ्या माणसानं आधी स्वतः त्यात सगळीकडं पाय ठेवून बघायचं, मग पोरांना सोडायचं. वाहतं पाणी असेल तर माप एकच: सगळ्यात लहान पोराच्या गुडघ्याच्या वर पाणी आणि ओढ, दोन्ही असतील तर उतरायचं नाही. पायांनी कातळावरच फिरावं, बारक्या झाडोऱ्यावर नको. चार बोटं मातीत जी फुलं येतात त्यांची वाढ तेव्हाच चालू असते. कास पठारावर मात्र हे अजिबात करू नका, ते राखीव आहे.

रस्त्याच्या कडेला दरडीवरून पडणाऱ्या धारांखाली गाड्या थांबवून भिजणारे दिसतील. त्या धारेबरोबर सुटा मुरूम आणि दगड येतात. तिथं नकोच.

जळवा. ताईंना सांगा, जळू चावल्याचं दुखत नाही, विषारी नसते, आणि ती उडत नाही. पानांच्या टोकाला, ओल्या पालापाचोळ्यात उभी असते आणि अंग लागलं की चिकटते. म्हणून वाटेच्या मधून चाला, गवतात बसू नका, एका जागी फार वेळ उभं राहू नका. ठोसेघरच्या बांधलेल्या वाटेवर त्रास कमी, जंगलातल्या पायवाटेवर जास्त. लांब मोजे पँटच्या वरून ओढून घ्या. मोज्यांना आणि बुटाच्या जिभेला मिठाचं दाट पाणी किंवा तंबाखूचं पाणी चोळून ठेवतात, पण पावसात ते धुऊन जातं, तासाभरानं परत लावायला लागतं. एका काठीला जाड्या मिठाची पुरचुंडी बांधून घ्या. बुटावर चढणाऱ्या जळवेला ती नुसती टेकवली तरी गळून पडते.

चिकटलीच तर घाबरून ओढू नका. बारीक तोंडाच्या बाजूला नख आडवं सरकवून तोंड सोडवायचं, मग जाड बाजू, आणि टिचकी मारून उडवायची. काडीनं चटका देणं किंवा चिकटलेली असताना वर मीठ ओतणं टाळा, ती पोटातलं सगळं जखमेत ओकते. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. साबणानं धुऊन, कापसाची घडी ठेवून पट्टी घट्ट बांधा. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे रक्त बघून रडारड होणार नाही. घरात कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी गवताच्या वाटेला जाऊच नये.

पायात जुने गुळगुळीत झालेले स्पोर्ट शूज नकोत, सपाट तळव्याची चप्पल तर नकोच. खोल खाचांचा रबरी तळवा हवा. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि घरी जाईपर्यंत वाळत नाही. कोरड्या कपड्यांचा जोड प्रत्येकाचा वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, गाडीतच.

आईंच्या हातात काठी द्या आणि एवढं सांगा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायाबरोबर. पायरीच्या कडेचा भाग जास्त निसरडा असतो, पावलांनी घासलेला मधला भाग बरा. कठडा असेल तिथं मधला मोह सोडून कठड्याकडूनच जावं. उतरताना बरोबरच्या माणसानं आईंच्या मागं नाही, एक पायरी खाली पुढं राहायचं.

भांबवलीचा वजराई साताऱ्याहून यवतेश्वर, कास तलावावरून पुढं. तीन टप्प्यांत पडतो, उंची १८४० फूट सांगतात, उरमोडी नदीचा उगम त्याच डोंगरात. देखणा आहे, पण गाडी लावल्यावर झाडीतून चालायला लागतं आणि ऑगस्टमध्ये त्या वाटेला चिखल आणि जळवा दोन्ही भरपूर. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरल्यावर आई घरी असतील तेव्हा या. फक्त तेव्हा कासच्या फुलांचा हंगाम असतो, शनिवार-रविवारी तो रस्ता तुंबतो.

आणि सुटे पैसे रोख ठेवा. प्रवेश, पार्किंग, भाजी-भाकरी, सगळीकडं मोबाईलनं पैसे जातीलच असं नाही, रेंज जाते. मक्याची कणसं, वेफर्स जे खाल त्याच्या पिशव्या गाडीत परत आणा. वाऱ्यानं त्या थेट दरीत जातात आणि तिथून कुणालाच उचलता येत नाहीत.

---

बोगद्यापलीकडं

गाडीचं राहिलं होतं. धुक्यात हेडलाईट लो बीमवर ठेवा. हाय बीम धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो, समोरची दोन पावलंही दिसेनाशी होतात. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळणार कुठं ते कळत नाही आणि गाडी उभी आहे असं वाटतं. गाडीत सहा माणसं, ओले कपडे, त्यामुळं काच आतून धुरकट होणारच. एसी चालू करून झोत समोरच्या काचेवर सोडा, फडक्यानं पुसत बसू नका. ड्रायव्हरच्या बाजूची काच दोन बोटं खाली ठेवा म्हणजे समोरच्या एसटीचा हॉर्न ऐकू येतो. उतारावर दुसरा गिअर, सतत ब्रेक नको.

निघण्याआधी वायपरची रबरं बदलून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे आणि तासगावात उन्हानं ती कडक झालेली असतात. डिझेल साताऱ्यातच भरा. तिकडं जाण्याआधी घरच्या एका माणसाला कुठं जाताय आणि किती वाजता साताऱ्यात परत याल ते सांगून ठेवा. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, पण त्यासाठी आधी रेंज असलेल्या जागेवर यावं लागेल.

दुपारी तीन वाजता ठोसेघर सोडा. चारनंतर ढग खाली उतरला की घाटात उजेड राहत नाही. सज्जनगड मनात असेल तर तोही सकाळीच, आणि आईंना विचारून, तिथंही वर जायला पायऱ्या आहेत.